विश्लेषण : कराची ते मुंबई अंतर ८७५ किलोमीटर, मग प्रवासाला वेळ किती? जेआरडी टाटांच्या आयुष्यातील एका हवाई मार्गाची गोष्ट

मोबाइलवर दोन शहरांची नावे टाकली की अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ लगेच समोर येतो. मुंबई आणि कराची ही नावे टाकून पाहा. दोन्ही विमानतळांमधील सरळ हवाई अंतर साधारण ८७५ किलोमीटर. म्हणजे मुंबई ते दिल्लीपेक्षाही कमी. जेट विमानाला या प्रवासासाठी दीड तास पुरतो. पण तिकीट शोधायला गेलात तर थेट विमान एकही सापडत नाही. आधी दुबई, दोहा किंवा आखातातील एखादे शहर, तिथे काही तास थांबा आणि मग कराची.

याच मार्गावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी २८ वर्षांचा एक तरुण एका इंजिनाचे छोटे विमान घेऊन एकटा निघाला होता. सोबत प्रवासी नव्हते, होती ती फक्त टपालाची पोती. तो सकाळी कराचीहून निघाला आणि दुपारी मुंबईत जुहूला उतरला. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा म्हणजेच जेआरडी यांच्या या उड्डाणापासून भारतातील नियमित हवाई सेवेची सुरुवात मानली जाते. पुढे याच सेवेतून एअर इंडिया उभी राहिली. अंतर तेच, पण वेळ मात्र गेल्या नऊ दशकांत कमी झाला, आणखी कमी झाला आणि मग पुन्हा वाढला. तो का आणि कसा, हे जेआरडींच्या आयुष्याकडे पाहिले की नीट कळते.

अंतर आणि वेळेचा हिशेब कसा करतात?

आधी थोडे गणित. संकेतस्थळांवर दिसणारे अंतर हे पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेचे असते. प्रत्यक्षात विमान त्या रेषेवरून क्वचितच जाते. ठरलेले हवाई मार्ग, हवामान, लष्करी क्षेत्रे आणि ज्या देशांवरून जायचे त्यांची परवानगी, या सगळ्यामुळे रेषा वाकते. जेट विमान उंचीवर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडते. मग ८७५ किलोमीटरला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागायला हवा. पण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली येणे यात वेग कमी असतो. म्हणून वेळापत्रकात दीड तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ धरतात. अंतर जितके कमी, तितका या चढ-उताराचा वाटा मोठा.

आणखी एक गंमत. पाकिस्तानचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. त्यामुळे मुंबईहून कराचीला जाताना दीड तासाचा प्रवास तिकिटावर एका तासाचा दिसेल आणि परत येताना दोन तासांचा.

१९३२ मध्ये हिशेब वेगळा होता. जेआरडींचे डी हॅविलँड कंपनीचे पस मॉथ विमान एका टाकीत ८७५ किलोमीटर जाऊ शकत नव्हते. सरळ रेषेत गेल्यास वाटेत कच्छचे आखात, सौराष्ट्र आणि मग मुंबईपर्यंत अरबी समुद्र. एका इंजिनाच्या विमानात रेडिओ नसताना त्या पाण्यावरून जाण्यात शहाणपण नव्हते. म्हणून मार्ग अहमदाबादवरून आखला गेला. कराची–अहमदाबाद सुमारे ६०० आणि अहमदाबाद–मुंबई सुमारे ४४० किलोमीटर. एकूण अंतर हजाराच्या वर गेले, पण इंधन भरायची सोय झाली आणि पायाखाली बहुतेक वेळ जमीन राहिली.

विमानाचे वेड कुठून आले?

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभॉय टाटा हे जमशेटजी टाटांच्या नात्यातले आणि त्यांच्या उद्योगातले भागीदार. आई सुझान फ्रेंच होती, लग्नानंतर तिचे नाव सूनी झाले. पाच भावंडांतले जेआरडी दुसरे. बालपण पॅरिस, मुंबई आणि योकोहामा असे विभागले गेले. मुंबईहून युरोपला जायचे तर बोटीने आठवडे लागायचे, आणि हे कुटुंब सतत ये-जा करत असे. दोन शहरांमधला वेळ म्हणजे काय, हे या मुलाला लहानपणीच पुरेपूर कळले असणार.

उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो या गावी जायचे. तिथे शेजारी घर होते लुई ब्लेरिओ यांचे. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारे पहिले वैमानिक ते हेच. त्यांचे विमान हार्देलोच्या वाळूवर उतरायचे आणि मुले बघत राहायची. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याच किनाऱ्यावर जेआरडी पहिल्यांदा विमानात बसले, काही मिनिटांसाठी, पैसे देऊन. वैमानिक व्हायचे तेव्हाच ठरले.

मध्ये बरेच काही घडले. १९२३ मध्ये आई गेली. फ्रेंच नागरिक म्हणून लष्करात एक वर्ष सक्तीची सेवा झाली. केंब्रिजला शिकायची इच्छा होती, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतले. १९२६ मध्ये वडीलही गेले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी टाटा सन्सच्या संचालक मंडळात त्यांची जागा जेआरडींना घ्यावी लागली. पदवी कधीच मिळाली नाही. त्याची खंत त्यांना पुढे बराच काळ होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

१९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. त्याच वर्षी १० फेब्रुवारीला त्यांच्या हातात वैमानिकाचा परवाना आला. एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माने दिलेल्या त्या परवान्यावर क्रमांक होता १.

कराचीच का?

आज मुंबईच्या वाचकाला प्रश्न पडेल की भारतातली पहिली हवाई टपालसेवा कराचीहून का सुरू व्हावी? कारण तेव्हा युरोपहून येणाऱ्या विमानाला भारताचे पहिले दार कराची हेच होते. इम्पीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा मार्च १९२९ मध्ये सुरू झाली. लंडनचे पत्र आठवड्याभरात कराचीला यायचे. पण तिथून मुंबई आणि मद्रासला ते रेल्वेने जायचे आणि हवेत वाचवलेले दिवस रुळांवर खर्च व्हायचे.

कराचीचे महत्त्व इतके होते की ब्रिटिशांनी तिथे आर-१०१ या प्रचंड हवाई जहाजासाठी एक अवाढव्य शेड बांधून ठेवली होती. ते जहाज ऑक्टोबर १९३० मध्ये भारताकडे येताना फ्रान्समध्ये कोसळले. शेड रिकामीच राहिली आणि कराचीचे काम छोट्या विमानांवर चालू राहिले.

त्याच वर्षी मे महिन्यात जेआरडी कराचीहून एकटे इंग्लंडच्या दिशेने निघाले होते. आगा खान यांनी भारत आणि इंग्लंडदरम्यान एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. उलट दिशेने अस्पी इंजिनीअर हा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमधील अबुकीर येथे. अस्पीच्या विमानाचा स्पार्क प्लग बिघडला होता आणि त्याच्याकडे दुसरा नव्हता. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. अस्पी थोड्या तासांच्या फरकाने स्पर्धा जिंकला. पुढे हाच मुलगा भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. इंजिनीअरिंग केलेल्या कोणालाही हा प्रसंग आवडेल. पण यातून जेआरडींचा दिलदारपणा दिसतो तसेच त्या काळातले विमान कशावर अडून बसायचे, हेही दिसते. बोटभर लांबीच्या एका सुट्या भागावर.

कराची–मुंबई सेवेची कल्पना मात्र मूळ जेआरडींची नव्हती. ती नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाची. इम्पीरियलचे टपाल कराचीला उचलून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी या मार्गाने मद्रासला न्यायचे, असा त्याचा प्रस्ताव होता. टाटा सन्सचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांना त्यात दोन लाख रुपये घालायला तयार करावे लागले. ते काम जॉन पीटरसन यांनी केले. सरकारकडे मात्र तीन वर्षे फाइल फिरत राहिली. शेवटी एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला, सरकारी अनुदानाशिवाय. दोराबजी त्याच वर्षी जूनमध्ये वारले. पहिले उड्डाण त्यांनी पाहिले नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी काय घडले?

सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून उड्डाण केले. विमानात ५५ पौंड, म्हणजे २५ किलो टपाल होते. आजच्या विमानात एका प्रवाशाच्या चेक-इन बॅगेला साधारण एवढेच वजन चालते. पस मॉथचे इंजिन होते सुमारे १२० अश्वशक्तीचे, आजच्या मध्यम आकाराच्या मोटारीएवढे. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वरून ताणलेले कापड. दिशा दाखवणारी कोणतीही यंत्रणा जमिनीवर नव्हती. खाली नदी, रेल्वेचे रूळ, किनारा बघत जायचे.

अहमदाबादला विमान उतरले. इंधन बर्मा शेलच्या पत्र्याच्या डब्यांतून, बैलगाडीवर आले. ते हातांनी टाकीत ओतले गेले. मग पुन्हा उड्डाण, आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जुहू. एकूण वेळ सव्वासात तास, अहमदाबादचा थांबा धरून. टपाल तिथे विन्सेंटच्या ताब्यात गेले. तो बेल्लारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचला.

जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्रालगतचे चिखलाचे मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात मैदान पाण्याखाली जायचे. मग सगळे बाडबिस्तर पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलवायचे. म्हणजे वर्षातले काही महिने कराची–मुंबई हा मार्ग खरे तर कराची–पुणे असा होता.

पहिल्या वर्षी या सेवेने सुमारे एक लाख साठ हजार मैल उड्डाण केले आणि दहा टनांच्या आसपास टपाल वाहिले. नफा झाला साठ हजार रुपये. ही रक्कम आज किरकोळ वाटते. पण सरकारचे अनुदान न घेता, दोन-चार माणसांच्या बळावर आणि वेळापत्रक न चुकवता हे झाले होते. वेळ हाच जेआरडींचा ध्यास होता. उशीर झाला तर टपालाला विमानाने पाठवण्यात अर्थच उरत नाही, हे साधे व्यापारी गणित त्यामागे होते.

पुढे मार्ग वाढत गेले. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा आणि कन्नूरमार्गे त्रिवेंद्रमपर्यंत सेवा गेली. १९३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील पत्रे विमानाने नेण्याची योजना आली आणि टाटांचे टपाल कराचीहून कोलंबोपर्यंत जाऊ लागले. त्याच वर्षी, वयाच्या ३४व्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, कापड गिरण्या असा सगळा पसारा अंगावर आला तरी विमान सुटले नाही. विन्सेंट मात्र १९४२ मध्ये युद्धकाळात इंग्लंडहून परतताना विमानासह बेपत्ता झाला. या जोडीतला दुसरा माणूस आज फारसा कोणाच्या लक्षात नाही, हे खटकते.

फाळणीनंतर कराची मागे कसे पडले?

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची सार्वजनिक कंपनी झाली आणि तिचे नाव एअर इंडिया ठेवले गेले. वर्षभरात फाळणी झाली. ज्या शहरातून ही सेवा सुरू झाली, ते एका रात्रीत परदेशात गेले. देशांतर्गत मार्ग आंतरराष्ट्रीय झाला. अंतर एका किलोमीटरनेही बदलले नव्हते.

८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले. थांबे होते कैरो आणि जीनिव्हा. युरोपला जाण्यासाठी कराचीत उतरण्याची गरज आता उरली नव्हती. जेआरडी त्या विमानात प्रवासी म्हणून होते.

सरकारशी त्यांचे खटके याच काळात उडू लागले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री नागपूरला जमत, टपालाची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. नागपूरकरांना सोनेगावची ही रात्रीची लगबग पुढे दोन दशकांहून अधिक काळ परिचयाची होती. जेआरडींचा मात्र तिला विरोध होता. रात्रीच्या उड्डाणाला लागणारी जमिनीवरची व्यवस्था अजून तयार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ही योजना चालली आणि लोकप्रियही झाली, हेही इथे सांगायला हवे.

१९५३ मध्ये सर्व विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते मान्य नव्हते. तरीही सरकारने देऊ केलेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले. प्रवास करताना ते सतत टिपणे काढत. पडदे, खुर्चीचा कल, चहाचा रंग, स्वच्छतागृह, काहीही सुटायचे नाही. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले. सव्वासात तासांचे अंतर जेटच्या युगात दीड तासावर आले, आणि ते करणारी कंपनी चालवणारा माणूस तोच होता.

१९७८ मध्ये काय झाले?

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जम्बो जेट मुंबईहून दुबईला निघाले आणि वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जणांचा मृत्यू झाला. महिन्याभराने मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांना आधी काही कळवले नव्हते. त्यांच्या जागी नेमलेले माजी हवाई दलप्रमुख पी. सी. लाल यांच्याकडून त्यांना ते समजले. ज्याने कंपनी काढली, त्याला ती सोडण्याची बातमी दुसऱ्याकडून कळावी, यात सरकारची शोभा झाली नाही. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले. अध्यक्षपद मात्र पुन्हा मिळाले नाही.

वयाच्या ७८व्या वर्षी पुन्हा कराची

१९६२ मध्ये, तीस वर्षे झाली तेव्हा, जेआरडींनी कराची–मुंबई उड्डाण पुन्हा केले होते. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी पन्नास वर्षे झाली. जेआरडी तेव्हा ७८ वर्षांचे होते. पस मॉथ उरले नव्हते, म्हणून त्याच जातकुळीतले तीसच्या दशकातले लेपर्ड मॉथ विमान वापरले गेले. मार्ग तोच, कराची, अहमदाबाद, मुंबई. विमानात ते एकटे. दोन्ही शहरांमध्ये तोवर जेट विमाने ये-जा करत होती. पंख्याच्या विमानाने जायला त्यांना कोणतीही व्यावहारिक गरज नव्हती. विमानसेवेत काम करणाऱ्या तरुण पिढीचा कमी होत चाललेला उत्साह त्यांना बेचैन करत होता आणि सुरुवातीचे दिवस कसे होते, हे दाखवायचे होते. दोन देशांमध्ये तोवर तीन युद्धे झाली होती. तरीही या उड्डाणाला पाकिस्तानने कराचीतून निघू दिले, हे आज वाचताना विशेष वाटते.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जीनिव्हात त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन झाले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली, त्याला तेव्हा २८ वर्षे बाकी होती.

मग थेट विमान बंद कधी झाले?

एकदाच नव्हे, अनेकदा. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी दोन देशांमधली विमाने थांबवली. १९७६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर जानेवारी २००२ पासून दोन वर्षे ती बंद होती. २००४ मध्ये सुरू झाली. भारतीय कंपनीने २००८ मध्ये पाकिस्तानची उड्डाणे थांबवली. पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सची कराची–मुंबई सेवा उरली होती, तीही २०१७ मध्ये बंद झाली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांसाठी हवाई हद्दच बंद केली आणि पुढे तिची मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली.

त्यामुळे कराचीला जाणारा मुंबईकर आता साधारण १९३० किलोमीटरवरच्या दुबईला जातो आणि तिथून ११९० किलोमीटर मागे कराचीला येतो. ८७५ किलोमीटरसाठी तीन हजारांहून अधिक. दोन्ही टप्पे मिळून प्रत्यक्ष हवेत साधारण पाच तास. दुबईतला थांबा सव्वादोन तासांपेक्षा जास्त पडला, आणि बहुतेक वेळा तो पडतोच, तर एकूण वेळ १९३२ च्या पस मॉथपेक्षा जास्त होतो.